पाय कोणाच्या यादीत?

मंदा होगाडेचे पाय खंडेनवमीच्या दुपारी बंद पडले आणि ते पाय नक्की कोणाचे, यावर दोन सरकारं भांडत बसली. एक दिल्लीचं, एक मुंबईचं. मंदाशी कुणाचंच भांडण नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. उलट दोघंही तिच्याच बाजूचे. तिच्या पाठीशी इतकी माणसं उभी राहिली की फक्त तिला तेवढं उभं राहता येईना.

इचलकरंजीत आता गल्लोगल्ली संगणकावरचे माग आले आहेत, तरी होगाड्यांच्या शेडमध्ये धोट्याचे आठ जुने माग अजून खडखडतात. नवरा विरूपाक्ष माग चालवायचा आणि नव्या बिमाचे, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेल्या लोखंडी रुळाचे, धागे जुन्या धाग्यांना सांधायचं काम मंदाकडे. चार वर्षांपूर्वी सुतानं भरलेलं असंच एक बीम गाड्यावरून घसरलं आणि तिच्या पाठीवर आलं. कमरेखालचं सगळं गेलं. पुढची दोन वर्षं सासू गौराक्का तिला काखेत धरून न्हाणीत न्यायची, आणि मंदा मनात म्हणायची की बीम थोडं वर, डोक्यात पडलं असतं तर सुटले असते. रोज दुसऱ्यानं उचलून ठेवायचं म्हणजे काय, ते ज्याला उचलतात त्यालाच कळतं.

मग मज्जासेतू आला.

कणा मोडला म्हणून मेंदू काही गप्प बसत नाही. ऊठ, गुडघा वाकव, पाऊल टाक, असे त्याचे हुकूम मज्जारज्जूतून खाली येतच राहतात; फक्त मोडलेल्या जागेशी येऊन अडतात. पाय धडधाकट असतात, त्यांना निरोप मिळत नाही एवढंच. तेव्हा शास्त्रज्ञांनी मोडलेल्या जागेच्या वर एक चकती बसवली, शर्टाच्या बटणाएवढी, आणि खाली दुसरी. वरची चकती मेंदूचा हुकूम वाचते आणि रेडिओलहरींवरून खालच्या चकतीला पाठवते. खालची चकती तोच हुकूम विजेच्या बारीक टिचक्यांनी नसांना कळवते. दोघींमधलं अंतर चार बोटं. कमरेच्या पट्ट्याला साबणाच्या वडीएवढी एक डबी, तिच्यात बॅटरी आणि चालू-बंदचा खटका.

खरी कमाल पुढेच होती. असा निरोप रोज जात राहिला की मोडलेल्या जागेत नसांना नवे कोंब फुटतात आणि ते त्या निरोपाच्या वाटेनं वाढतात. निरोप एखादा दिवस थांबला तर काही बिघडत नाही. तीन-चार आठवडे थांबला तर मात्र कोंब सुकतात, तिथे व्रण धरतो, आणि मग नवा सेतू बसवला तरी पाय ऐकत नाहीत. म्हणजे गेले ते गेलेच.

राज्याच्या योजनेतून सरकारी दवाखान्यात मंदाला सेतू बसला, तो फुकट. सहा महिन्यांत ती काठीशिवाय शेडमध्ये फिरू लागली. डबीची एक सवय मात्र ध्यानात ठेवायला हवी. खटका दाबला की सुरू होण्याआधी ती दोन ठिकाणी विचारते. राज्याच्या आरोग्य खात्याच्या संगणकाला विचारते, हा पेशंट तुमचाच ना? आणि दिल्लीच्या लहरी खात्याच्या संगणकाला विचारते, ही लहर वापरू ना? दोन्हीकडून होकार आला की हिरवा दिवा लागतो. क्षणाचं काम. एकदा सुरू झाल्यावर ती कुणालाच काही विचारत नाही.

खंडेनवमीला इचलकरंजीत माग बंद असतात. पुसूनपासून, तेल घालून, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा होते आणि त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावत नाही. गौराक्का ताट घेऊन आठही मागांपुढून फिरली आणि शेवटी सुनेपुढे येऊन उभी राहिली.

"ह्येचं बी करूया की," ती डबीकडे बोट दाखवून म्हणाली. "वर्षभर राबतंय गुमान. आज जरा इसावा दे त्याला."

मंदाला हसू आलं, पण बरंही वाटलं. घरातल्या हत्यारांत आपलं हत्यार धरलं गेलं, हे तिला आवडलं. ती खुर्चीत बसली आणि तिनं स्वतःच्या बोटानं खटका बंद केला. गौराक्कानं डबीला हळदकुंकू लावलं, वर एक फूल ठेवलं. सेतू बसवणाऱ्या डॉक्टर बागवानांनी एखाद्या दिवसाची सुट्टी चालेल असं सांगितलेलंच होतं. दसऱ्याला सकाळी मागांबरोबर सेतूही सुरू करायचा, असं ठरलं.

त्याच दुपारी दिल्लीत अनुसूची लवादाचा आदेश निघाला.

केंद्र आणि राज्यांचे हक्कांचे तंटे फार माजले म्हणून हा लवाद नव्यानं काढला होता. घटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांच्या तीन याद्या आहेत: एक केंद्राची, एक राज्यांची, एक सामाईक. बिनतारी संदेश केंद्राच्या यादीत, दवाखाने राज्यांच्या यादीत. जे कुठल्याच यादीत नाही ते केंद्राकडे. याद्या करणारी माणसं शहाणी होती, पण पुढं कधी बाईच्या पाठीत रेडिओ बसेल हे त्यांना कुठून ठाऊक असणार. नंतरच्यांना ठाऊक होतं. त्यांना सवड नव्हती.

सेतू चालायला लागला, गाजला, तसे दोघंही जागे झाले. केंद्र म्हणालं, सेतू म्हणजे बिनतारी केंद्र, परवाना आम्हीच देणार. राज्य म्हणालं, सेतू म्हणजे उपचार, दवाखाना आमचा आणि पेशंटही आमचा. सेतू पडून होता तोवर कुणाला त्याची यादी आठवली नव्हती.

लवादानं निकाल लागेपर्यंत जैसे थे ठेवायला सांगितलं. जी यंत्रं चालू आहेत ती चालू राहतील, जी बंद आहेत ती दोन्ही सरकारांनी सुरू करू नयेत. अपवाद एकच: रुग्णानं स्वतः शपथेवर एका सरकारचा अधिकार मान्य केला, तर त्या सरकारनं आपला होकार द्यावा. आदेश किती मऊ आहे, असं लवादाला वाटलं असणार. चालता माणूस आपले पाय कशाला बंद करून ठेवेल? राज्यात सेतूवाले हजारभर होते, आणि त्या घटकेला बंद होते ते पंचवीस-तीस. सुतार, लोहार, कोष्टी, गवंडी. यंत्राला वर्षातून एक दिवस विसावा देणाऱ्या घरांतले.

दसऱ्याच्या सकाळी विरूनं माग सुरू केले. मंदानं खटका दाबला. दिवा लाल. तिनं पुन्हा दाबला, पुन्हा लाल. दुपारपर्यंत तिचं बोट दुखायला लागलं आणि संध्याकाळी फोनवर आदेशाची बातमी आली. तेव्हापासून ती गौराक्काशी बोलेना. गौराक्कानं चहा पुढं ठेवावा, हिनं तोंड फिरवावं. गौराक्का न्हाणीकडं न्यायला आली की ही दातओठ खाऊन डोळे मिटून घ्यायची. विरू मधल्या मधे मागांच्या आवाजात लपून बसायचा.

आठवड्याभरानं दोन साहेब आले. राज्याचे पाथरकर आणि केंद्राचे देशमाने. कोर्टात एकमेकांचे गळे धरणारी ही दोन सरकारं कोल्हापुरावरून एकाच गाडीतून आली होती, डिझेल वाचवायला. देशमाने तर इथलेच, कुरुंदवाडचे.

"वहिनी, शासन पूर्ण ताकदीनं तुमच्यासाठी लढतंय," पाथरकर म्हणाले. "तुमची केस आमची सगळ्यात भक्कम केस आहे."

"ताई, केंद्राला तुमच्या पायांबद्दल काहीच आक्षेप नाही," देशमाने म्हणाले. "आक्षेप फक्त लहरीला आहे."

"लहर चार बोटं जाती," मंदा म्हणाली. "माझ्या कातड्याच्या भाईर बी येत न्हाई. त्यात दिल्लीचं काय अडकलंय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मग आतनं तार टाका. लहरच नको."

देशमान्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तारेवरून संदेश म्हणजे तारयंत्रणा झाली, ताई. तीसुद्धा केंद्राच्याच यादीत येते."

"बघा वहिनी," पाथरकर म्हणाले, "उजेडसुद्धा लहरच, म्हणून उद्या हे लोक चष्माही केंद्राचाच म्हणतील." आणि दोघंही हसले. मोकळेपणानं, बरोबर चहा पिणारी माणसं हसतात तसे.

"हसायला काय झालं?" मंदानं विचारलं. "माझ्या डाव्या पायाची बोटं कालपासनं थंडगार पडलीत. तुमच्यातलं कोण हात लावून बघतंय?"

कुणीच हात लावला नाही. दोघांनी आपापली प्रतिज्ञापत्रं टेबलावर ठेवली, शेजारी शेजारी. एकात लिहिलं होतं की माझ्या सेतूवर फक्त राज्य शासनाचा अधिकार आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं की तो फक्त केंद्राचा आहे. सही करा, लगेच काम होईल, असं दोघंही म्हणाले आणि त्याच गाडीतून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नाझनीन बागवान घरी आल्या. त्यांनी मंदाच्या पायांना सुया टोचून यंत्रावर रेषा बघितल्या.

"डावा पाय उतरत चाललाय," त्या म्हणाल्या. "उजवा टिकून आहे. दिवाळी उलटली तर दोन्हींची आशा सोड."

"मग सही करते की एका कागदावर. कुठला चांगला ते तुम्ही सांगा."

"कुठलाच नाही. विट्याच्या एका सुतारानं केंद्राच्या कागदावर केली. लहरीचा होकार आला, तर राज्यानं आपला दिला नाही. म्हणे केंद्राचा पेशंट आहे, केंद्रानं बघावं. कुडाळच्या एका लोहारणीनं राज्याच्या कागदावर केली. तिला राज्याचा मिळाला, दिल्लीचा मिळाला नाही. डबीला दोन्ही होकार लागतात, मंदा. एकाला हो म्हटलं की दुसरा दार लावून घेतो."

"मग दोन्हीवर करते."

डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. "दोन्ही शपथेवर आहेत. दोन्ही खरं असू शकत नाही. खोट्या शपथेला तुरुंग आहे, आणि हे कुणापासून लपून राहायचं नाही."

"तुरुंगात चालत जाता येतंय न्हवं?"

डॉक्टरांनी सुया डब्यात भरल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, की असं कर असं मी सांगितलेलं नाही, आणि करू नको असंही सांगितलेलं नाही.

घरात मग व्हायचं तेच झालं. विरू कधी नव्हे तो मोठ्यानं बोलला. "खुळी झालीस काय? सरकारशी खोटं बोलायचं? मागांची वीज सवलतीची, जागा गावठाणातली. उद्या एकेक करून सगळं बंद करतील. थांब की जरा, निकाल लागंल."

"कवा? मी गेल्यावर?"

"समदीच थांबल्यात, मंदा. तुझंच काय निराळं हाय?"

"समदीच बसल्यात," मंदा म्हणाली. "आन तू उभा राहून मला थांब म्हणतोस."

विरूचं तोंड उतरलं. तो माग बंद न करताच बाहेर जाऊन बसला.

गौराक्का दाराशी ऐकत होती. ही बाई आयुष्यात खोटी शपथ न घेतलेली. भावकीच्या दाव्यात नवऱ्याविरुद्ध जाईल असं खरं बोलून अर्धं घर घालवलेली, आणि त्याचा तिला अभिमान होता. ती आत येऊन सुनेच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली.

"दोन घरचा पाव्हणा उपाशी म्हणत्यात," ती म्हणाली. "तू दोन्ही घरी जेव जा. पाप लागलं तर माझ्या नावावर. खटका मीच बंद करायला लावला."

मंदा इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघून बोलली. "खटका माझ्या बोटानं बंद झाला, आक्का. तुम्ही फूल वाहिलं, त्यात कसलं पाप? पाप त्येंनी केलंय. फूल वाहणाऱ्या बाईला चोरासारखं तोंड लपवायला लावलं त्येंनी. मी बी तेच केलं, चुकलं माझं." मग तिला रडू आलं आणि त्या रडण्याचाही तिला राग आला. गौराक्कानं पदरानं तिचं तोंड पुसलं, जरा जोरातच.

सकाळी नोटरीपुढं राज्याच्या कागदावर सही झाली. दुपारी दुसऱ्या नोटरीपुढं केंद्राच्या. खुर्ची ढकलायला विरू होता. दुसऱ्या नोटरीच्या पायऱ्यांवर त्यानं बायकोला उचललं तेव्हा तिच्या कानाशी म्हणाला, "हे शेवटचं उचलणं."

एरवी महिनोन्‌महिने हलत नाहीत ती खाती त्या दिवशी वाऱ्यासारखी हलली. सगळ्यात भक्कम केस आपल्याकडं आली, याची दोन्हीकडं घाई; दुसरीकडं काय झालं ते कुणी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंदानं खटका दाबला आणि हिरवा दिवा लागला. उजवा पाय लगेच उठला. डावा थरथरला, अडखळला, टाच घासत पुढं आला. तिनं मागाची चौकट धरली आणि एका मागापासून दुसऱ्यापर्यंत गेली. आनंद झालाच, पण त्याच्या आधी संताप आला. एवढ्यासाठी? दोन संगणकांनी हो म्हणायचं, एवढ्यासाठी एक पाय घासायला लागला?

बिंग फुटलं ते सरकारांनीच फोडलं. रात्रीच्या बातम्यांत राज्यानं जाहीर केलं की शासनाच्या अधिकारामुळं इचलकरंजीची भगिनी पुन्हा चालू लागली. पाठोपाठ केंद्रानं जाहीर केलं की केंद्राच्या परवान्यामुळं इचलकरंजीची भगिनी पुन्हा चालू लागली. दोन्ही पत्रकांत तोच फोटो, तीच खुर्ची. पत्रकारांनी दोन्ही पत्रकं जुळवून बघितली.

पोलीस यायच्या आधी मंदानं फोन हातात घेतला. विट्याचा सुतार, कुडाळची लोहारीण, बार्शीचा गवंडी, एकेकाला गाठलं. "दोन्हीवर करा," ती सांगायची. "उद्याच करा. कोण विचारलं तर माझं नाव सांगा." नोटिसा घरोघर पोचायच्या आत बहुतेकांचे दिवे हिरवे झाले होते. बार्शीच्या गवंड्यानं मात्र निकालाची वाट बघितली. त्याचे पाय गेले.

लवादानं बोलावलं ते मंदाला एकटीला. खोटी शपथ आणि इतरांना चिथावणी. विरू बरोबर गेला. गौराक्कानं वाटेसाठी भडंग बांधून दिलं आणि दिल्लीच्या थंडीला म्हणून स्वतःचं घोंगडं.

लवादाच्या दालनात तीन सदस्य उंचावर बसले होते. एका बाजूला केंद्राचे वकील, दुसऱ्या बाजूला राज्याचे. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की बाई खोटं बोलली. खोटं कुठलं, यावर मात्र दोघांचं तासभर वाजलं. केंद्राचे म्हणाले, राज्याच्या कागदावरचं खोटं. राज्याचे म्हणाले, केंद्राच्या. पाथरकर आणि देशमाने मागं शेजारी शेजारी बसून आपापल्या वकिलांना चिठ्ठ्या पाठवत होते. मंदा साक्षीदाराच्या कठड्यामागं उभी होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

शेवटी अध्यक्षांनी हात वर केला. पांढऱ्या केसांचा, शांत माणूस. मंदाचं मराठी त्यांना कानातल्या दुभाष्यातून ऐकू येत होतं, आणि त्यांचं बोलणं तिला.

"बाई, तुम्हीच सांगा. दोन प्रतिज्ञापत्रांपैकी खोटं कोणतं?"

"दोन्ही," मंदा म्हणाली.

दालनात कुजबूज झाली. अध्यक्ष म्हणाले, "नीट विचार करून बोला. दोन्ही खोटी म्हटलंत तर दोन गुन्हे होतात."

"विचार करायला तुम्हीच दिवस दिले की मला. एकात लिहिलंय माझ्या पायाला चालवायचा अधिकार दिल्लीचा. खोटं हाय. दुसऱ्यात लिहिलंय मुंबईचा. ते बी खोटं हाय. बीम माझ्या पाठीवर पडलं तवा कोण आलं न्हाई म्हणायला, की ही पाठ आमच्या यादीतली. सुया मला टोचल्या, न्हाणीत मला उचलून नेलं. बार्शीचा गवंडी तुमचं ऐकून गप बसला, त्यो आता खुर्चीत हाय. त्येचे पाय कुणाच्या यादीत घालताय सांगा, म्हणजे त्यो तिकडं मागायला जाईल." तिचा आवाज चढला होता आणि तिनं तो उतरवला नाही. "मी खोटं बोलले. खरं बोलायला जागाच ठेवली न्हवती तुम्ही त्या कागदांवर. लिहून घ्या दोन्ही गुन्हे."

कुणी काही लिहीत नव्हतं. मंदाचा डावा गुडघा आता दिसण्याइतका कापत होता आणि कठड्यावर तिची बोटं पांढरी पडली होती. विरू मागच्या बाकावरून अर्धा उठला.

अध्यक्षांनाही ते दिसलं. त्यांनी शिपायाला खूण केली, आणि शिपाई गादीची एक चांगली खुर्ची घेऊन तिच्यामागं आला.

"बसून बोला, बाई," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "याला वेळ लागणार आहे."

"लागू दे," मंदा म्हणाली. "मी उभीच राहणार हाय."